सुताराच्या मापाने आणलेली रॅम

सुज्ञ वाचकांस सविनय कळविण्यात येते की, एका सुतारकुटुंबाच्या जुन्या संगणकाची स्मृती, जिला बाजारात रॅम असे म्हणतात, ती वाढविण्याच्या खटपटीत चार दिवस कसे खर्ची पडले, त्यात कोणी कोणते शहाणपण केले, आणि त्यापायी एका कष्टाळू स्त्रीच्या चार महिन्यांच्या परिश्रमांवर पाणी फिरण्याची वेळ कशी आली, याचा साद्यंत वृत्तान्त पुढे मांडण्यात येत आहे. संगणकाचे शास्त्र मला स्वतःला जेवढे समजले तेवढेच येथे लिहिले असून अधिक लिहिण्याचा मोह आवरला आहे.

सदर कुटुंब तीन माणसांचे. कर्ता पुरुष सुतार असून त्यास सर्व लोक मिस्त्री म्हणत. त्याचा धाकटा भाऊ लाकडास पॉलिश करण्याचे काम करी. परंतु एकदा बंद पडलेला पंखा त्याने चालू करून दाखविला, तेव्हापासून त्यास शास्त्रज्ञ हे नाव पडले. लोकांनी ते थट्टेने ठेविले होते, त्याने ते गंभीरपणे स्वीकारले. तिसरी व्यक्ती म्हणजे मिस्त्रीची पत्नी. कारखान्यात येणारेजाणारे सारे तिला वहिनी म्हणत, आणि ही कथा वस्तुतः तिचीच आहे.

कारखान्याच्या मागील अंगास, जेथे प्लायवुडचे तक्ते उभे करून ठेवीत, तेथे काचेचे दार असलेली एक चिंचोळी खोली होती. त्या खोलीत एका जुन्या मेजावर एक जुना संगणक होता. दार कितीही घट्ट लाविले तरी लाकडाचा बारीक भुसा आत शिरे, आणि वहिनी रोज सकाळी प्रथम कळफलकावर फुंकर घालून मगच कामास बसे. कोणत्याही वर्गास न जाता, पुस्तक पाहून आणि चुका करून ती फर्निचरची चित्रे काढण्यास शिकली होती. मिस्त्रीस मात्र चित्राची गरज कधी वाटली नाही. त्याचे माप डोळ्यात असे, हिशेब पेन्सिलीने तक्त्याच्या तुकड्यावर असे, आणि तो तुकडा बहुधा हरवलेला असे.

मागील वर्षी एका शाळेची बाके करण्याचे काम याच तुकड्यामुळे हातचे गेले होते. शाळेने आराखडा मागितला, मिस्त्रीने प्लायवुडचा तुकडा नेऊन दिला, आणि तेथील कारकुनाने अत्यंत नम्रतेने विचारले, की हा फाइलीत लावायचा कसा.  त्या दिवशी वहिनीने मनाशी ठरविले, की पुढचे काम आपल्या चित्राने मिळवावयाचे.

ते पुढचे काम वाचनालयाचे निघाले. छत्तीस कपाटे, मुलांसाठी बुटकी मांडणी, आणि वर्तमानपत्रांसाठी उतरत्या फळ्यांचा घोडा. वाचनालयाची अट एकच होती: शुक्रवारी दुपारी चार वाजेपर्यंत सर्व बाजूंनी दाखविलेला आराखडा कागदावर आला पाहिजे, नंतर आलेला उघडलाही जाणार नाही. वहिनीने चार महिने, दुपारची भांडी आवरल्यापासून दिवेलागणीपर्यंत, या कामी लाविले. प्रत्येक फळी, प्रत्येक बिजागरी तिने त्यात बसविली. आता फक्त ते चित्र चोहोबाजूंनी फिरवून त्याची पाने काढावयाची राहिली होती.

मंगळवारी तिने चित्र फिरविण्यास आरंभ केला, आणि संगणक थिजला. पडद्यावरील कपाट अर्धे वळून तसेच तिरपे उभे राहिले, जणू कोणी ते ढकलत असता मध्येच चहा प्यावयास निघून गेले असावे. तिने संगणक बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच. पाचव्या वेळी पडद्यावर पाटी आली, की स्मृती अपुरी आहे.

शास्त्रज्ञाने ती पाटी वाचली, हनुवटी खाजविली, आणि निदान केले, की रॅम कमी पडते, दुसरी मोठी घालावी म्हणजे झाले. हे निदान बरोबर होते, हे मान्य केले पाहिजे. पुढचे सर्व घोटाळे उपचारात झाले.

त्याने सीपीयूचा पत्रा उघडून रॅमची पट्टी बाहेर काढली. अशा दोन पट्ट्या होत्या. एक पट्टी बाजारात नेऊन दुकानदारास दाखवावी, असे त्याचे म्हणणे होते. येथे वहिनीकडूनही एक चूक झाली, आणि ती पुढे अनेकदा तिच्या मनास टोचली. पट्टी नेली तर आहे तो संगणकही दिवसभर लंगडा होईल, आणि तिला तर फळ्यांची यादी त्याच दुपारी पुरी करावयाची होती. ती म्हणाली, की पट्टी कशाला नेता, हवे तर माप घ्या.

सुताराच्या घरात माप घ्या म्हणणे म्हणजे काय, हे तिला कळावयास हवे होते. मिस्त्री टेप घेऊन आला. लांबी घेतली, उंची घेतली. जाडीसाठी त्याने कपाटातून कॅलिपर काढला, जो तो एरव्ही कोणास हात लावू देत नसे. शास्त्रज्ञाने पट्टीचे सोनेरी दात मोजले, एका बाजूस एकशे वीस, दुसऱ्या बाजूस एकशे वीस. हे सर्व त्यांनी प्लायवुडच्या तुकड्यावर लिहिले, आणि शास्त्रज्ञ तो तुकडा खिशात घालून बाजारात गेला. पट्टीवर कंपनीने जी चिठ्ठी चिकटविली होती, तिच्यावरील अक्षरे कोणीही उतरून घेतली नाहीत. ती माप नव्हती ना.

बुधवारी सकाळी तो नवी रॅम घेऊन आला. दुकानदाराने माप पाहून थोडा वेळ त्याच्याकडे टक लावून पाहिले, असे त्याने स्वतःच कौतुकाने सांगितले. मग आतून एक पट्टी आणून दिली. लांबी तीच, उंची तीच, दात दोनशे चाळीस. आणि शिवाय नव्या जातीची.

पट्टी मात्र बसेना. तिच्या खालच्या कडेस एक लहान खाच असते, आणि मदरबोर्डावरील खोबणीत त्या खाचेसाठी एक दांडी असते. जुन्या पट्टीची खाच दांडीवर अचूक बसे. नवीची खाच सात-आठ मिलिमीटर बाजूला सरकलेली होती.

वहिनीने दोन्ही पट्ट्या शेजारी धरून पाहिल्या आणि तिला उमगले, की ही जात निराळी आहे. खाच मुद्दाम सरकविली आहे, कोणी चुकीची घालू नये म्हणून. तिने शास्त्रज्ञास सांगितले, की भावजी, आत्ताच्या आत्ता ही परत करून या, आणि या खेपेस जुनी पट्टी सोबत न्या. मिस्त्रीकडे वळून ती म्हणाली, की तोवर कोणी कशालाही हात लावू नये. एवढे बजावून ती वाचनालयात गेली, चार वाजताची वेळ थोडी पुढे ढकलता येते का हे विचारण्यास. तेथील बाईंनी गोड हसून नाही म्हटले.

ती परतली तेव्हा कारखान्यात विलक्षण शांतता होती. सुताराच्या कारखान्यात शांतता म्हणजे कोणी तरी अत्यंत मन लावून काही तरी करीत आहे. मेजाच्या शिकंज्यात, नमद्याच्या म्हणजे जाड लोकरी कापडाच्या दोन तुकड्यांमध्ये हळुवार आवळलेली, नवी रॅम होती. मिस्त्रीने सर्वांत बारीक करवतीने योग्य जागी दुसरी खाच कापली होती, आणि आता तो बारीक कानशीने तिच्या कडा साफ करीत होता. शास्त्रज्ञ बाजूस उभा राहून दिवा धरीत होता.

"खाच चुकली होती, एवढंच," मिस्त्री मान वर न करता म्हणाला. "एवढ्यासाठी परत कशाला न्यायची."

वहिनीने पाहिले, की त्या खाचेने चार सोनेरी दात खाल्ले होते. ती त्याचा हात धरावयास पुढे झाली. तेवढ्या अवधीत मिस्त्रीने फुंकर मारली, पट्टी काढली, खोबणीवर ठेविली, आणि अंगठ्याने दाबली. ती जरा अडखळली. त्याने आणखी दाबली. मग ती बसली, आणि मला हे लिहिलेच पाहिजे, की अतिशय सुबक बसली. मिस्त्रीच्या मुद्रेवर समाधान पसरले. त्याचा कोणताही सांधा आजवर सैल निघाला नव्हता.

शास्त्रज्ञाने बटण दाबले. संगणक बोंबलू लागला. पडदा काळा, आणि आतून एक लांब शिटी, थांबून पुन्हा लांब शिटी, जसे तापट मूल श्वास घेण्यापुरते थांबून पुन्हा रडते.

"बसली तर आहे," मिस्त्री म्हणाला.

"बसली आहे," वहिनी म्हणाली. "आता तिला उठवा."

नवी काढून जुन्या दोन्ही पट्ट्या पुन्हा घातल्या. शिटी तशीच. एक घातली, दुसरी घातली, जागा बदलून घातल्या. शिटी तशीच. चार महिन्यांचे काम त्या पेटीत होते, आणि पेटी नुसती शिट्या वाजवीत होती. वहिनी स्टुलावर बसली ती उठेचना. तिला रडू येत नव्हते; संताप रडण्याच्याही पलीकडे गेला की मनुष्य फार शांत दिसतो, तशी ती दिसत होती. मिस्त्रीने दोनदा विचारले, की चहा टाकू का.  तिसऱ्या वेळी ती म्हणाली, की चहाचंसुद्धा माप घ्या.

गुरुवारी संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईंच्या दुकानास सुट्टी असे. तो दिवस शास्त्रज्ञाच्या सूचना ऐकण्यात गेला. त्याने सीपीयू उन्हात ठेवण्याचे सुचविले, मग सावलीत ठेवण्याचे सुचविले. पलीकडच्या छापखान्यातला संगणक वापरून पाहावा, हीही सूचना आली; तेथे वहिनीचे चित्र काढण्याचे साधन नव्हते, शिवाय फाइल त्या बोंबलणाऱ्या पेटीतच अडकली होती. संध्याकाळी वहिनीने दोघांसही खोलीबाहेर काढले आणि काचेचे दार लावून घेतले. काचेतून दोघे भाऊ तिला दिसत राहिले, हे त्या दाराचे न्यून.

शुक्रवारी दुकान दहाला उघडणार होते. वहिनी साडेनवालाच सीपीयू उचलून निघाली, तो मिस्त्री आडवा आला. तो म्हणाला, की असा उघडा नेऊ नकोस, धक्का लागेल, मी पेटी करतो. तिने सांगितले, की दुकान तीन गल्ल्यांवर आहे. तो म्हणाला, पाच मिनिटे. त्या पाच मिनिटांचा पाऊण तास झाला. पेटीस मूठ लाविली, कोपरे गोल केले, आत नमदा चिकटविला. तो कडांवर पॉलिश पेपर फिरवू लागला, तेव्हा वहिनीने पेटी त्याच्या हातांतून ओढून घेतली आणि ती चालू लागली; दोघे भाऊही मागोमाग निघाले.

दुरुस्तीवाल्या बाई वयाने वहिनीपेक्षा थोड्या मोठ्या, बोलणे मोजके. भिंतीस लागून मेलेल्या संगणकांची रास होती. त्यांनी प्रथम पेटी पाहिली, मग सीपीयू, मग ती कापलेली पट्टी हातात घेऊन खिडकीच्या उजेडात नेली.

"हे कुणी केलं?"

दोघे भाऊ आणि वहिनी यांपैकी दोघांनी तिसऱ्याकडे पाहिले.

"तीस वर्षं हे काम करतेय," बाई म्हणाल्या. "इतकी स्वच्छ चूक पाहिली नव्हती."

मिस्त्रीस यातील 'स्वच्छ' एवढाच शब्द ऐकू आला असावा, कारण तो किंचित लाजला.

बाईंनी खोबणीवर भिंग धरले आणि वहिनीस जवळ बोलावून दाखविले. एका खोबणीतील स्प्रिंगा दाबून चपट्या झाल्या होत्या, ती आता कामातून गेली. दुसरीत पट्टी कापल्याचा बारीक भुगा भरला होता, कारण जी कानस पट्टीवर फिरली, तिचाच चुरा पट्टीबरोबर आत गेला. शिवाय कारखान्याचा भुसा होताच. त्यांनी कोरड्या ब्रशाने आणि हवेच्या नळीने ती खोबणी साफ केली. खोबणी एकच उरली, तेव्हा दोन लहान पट्ट्या घालून भागणार नव्हते. एकच मोठी हवी होती, आणि तीही जुन्या जातीची, जी आता दुकानात विकावयास येत नाही. त्यांनी एक खण उघडला. मेलेल्या संगणकांमधून काढलेल्या पट्ट्या त्यात कागदात गुंडाळून ठेविल्या होत्या. बाईंनी माप घेतले नाही. चिठ्ठीवरील अक्षरे वाचली.

पहिली पट्टी घातली, शिटी. दुसरीने संगणक चालू होऊन लगेच बंद पडला. तिसरी शोधेपर्यंत दुपारचे दोन वाजले, मध्ये बाईंचे दुसरे गिऱ्हाईक आले, त्याच्याशी त्या वीस मिनिटे बोलल्या, आणि वहिनी भिंतीवरील घड्याळाकडे पाहत आपली बोटे मोडीत राहिली. तिसऱ्या पट्टीचे दात बाईंनी खोडरबराने घासले, पट्टी बसविली, बटण दाबले. शिटी झाली नाही. जुनी होती त्याच्या दुप्पट स्मृती पडद्यावर दिसली.

वहिनीने तेथेच उभ्याने फाइल उघडली. ती उघडली. तिने चित्र फिरविले. कपाट वळले, पाठ दाखविली, कूस दाखविली, आणि कुठेही न अडखळता पुन्हा समोर आले. चार महिन्यांत तिने स्वतःही ते असे कधी पाहिले नव्हते. तिने श्वास सोडला आणि पाने छापावयास घेणार, एवढ्यात मागून मिस्त्रीचा आवाज आला.

"ही फळी वाकणार."

वहिनीने मागे वळून पाहिले नाही.

"किती धरलीस? चार फूट? मधे आधार नाही. पुस्तकं म्हणजे विटांसारखी असतात. वर्षात पोट सुटेल तिला."

"चार महिने हे चित्र तुमच्या घरात आहे," ती हळूच म्हणाली. "आज सव्वादोन वाजता सांगताय?"

"मी पाहिलंच कुठे? तू दाखवलंस तेव्हा नुसत्या रेघा होत्या. मला रेघा कळत नाहीत. आता वळलं तेव्हा कपाट दिसलं."

हे खरे होते, आणि ते खरे आहे याचाच तिला सर्वांत अधिक राग आला. संगणक थिजत असल्यामुळे तिने त्यास नेहमी समोरून सपाट दिसणारे चित्रच दाखविले होते. आणि फळी वाकणार होती. तिला मनातून हेही ठाऊक होते, कारण एकदा तिलाच ही शंका आली होती. परंतु बदल करावयाचा म्हणजे पुन्हा संगणक थिजणार, या भीतीने तिने ती दाबून टाकली होती. आता तसेच आराखडे नेले, तर ते वेळेत पोहोचतील, आणि त्यावर तिच्या हाताने काढलेली वाकणारी फळी असेल. बदल करावयाचा तर जेमतेम पावणेदोन तास उरले होते.

शास्त्रज्ञ म्हणाला, की काम मिळू द्या, फळीचे मागाहून पाहता येईल. वहिनीने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिले, की तो बाहेर जाऊन पेटीजवळ उभा राहिला.

"खुर्ची द्या ताई," तिने दुरुस्तीवाल्या बाईंस म्हटले, आणि ती बसली.

मिस्त्रीस वाटले, की आता ती एकेक करून छत्तीस कपाटांत आधार घालीत बसणार. तो मनातल्या मनात मिनिटे मोजू लागला. परंतु तिने एकाच कपाटात मधोमध उभी फळी घातली, तिची जाडी लिहिली, आणि हात थांबविला. संगणक विचारात पडला. पंखा मोठ्याने फिरू लागला. तिघेही पडद्याकडे पाहत राहिले, दुरुस्तीवाल्या बाईसुद्धा. मग पडद्यावरच्या साऱ्या रांगांत, एकामागून एक, उभ्या फळ्या उमटत गेल्या.

"सगळ्यांत?" मिस्त्रीने विचारले.

"सगळ्यांत. एकाच साच्याची छत्तीस रूपं आहेत ती."

त्याने पडद्यावरची एक रांग बोटाने मोजून पाहिली. त्याच्या तीस वर्षांच्या कारकिर्दीत छत्तीस कपाटांत आधार घालणे म्हणजे छत्तीस वेळा आधार घालणे असे.

आता तक्त्यांची यादी बदलावी लागणार होती. ती यादी संगणक करीत नसे, वहिनी हाताने भरीत असे, आणि त्यासच सर्वांत अधिक वेळ लागे. मिस्त्रीने डोळे मिटले. एका तक्त्यातून अशा फळ्या किती निघतील, तुकडा किती उरेल, उरलेल्या तुकड्यांतून मुलांच्या मांडणीच्या पाठी कशा काढता येतील, हे तो डोळे मिटूनच सांगत गेला, आणि ती आकडे भरीत गेली. एके ठिकाणी तिने त्यास अडविले, की हा आकडा चुकला. तो म्हणाला, चुकला नाही. तिने कागदावर मांडून पाहिले. चुकला नव्हता. तिने तो भरला.

साडेतीनला पाने छापावयास लागली. नवव्या पानावर शाई फिकी पडली, दहाव्यावर कागद अडकला. दुरुस्तीवाल्या बाईंनी आपल्या छपाई यंत्रास एक चापट मारली, जी शास्त्रज्ञाच्या कोणत्याही सूचनेपेक्षा परिणामकारक ठरली. चारला बारा मिनिटे असताना वहिनी कागद छातीशी धरून रस्त्यावर आली, मागे मिस्त्री, त्यामागे शास्त्रज्ञ रिकामी पेटी सांभाळीत. सीपीयू दुकानातच ठेवून आल्याचे कोणाच्याही ध्यानात आले नाही.

वाचनालयाच्या खिडकीत त्याच बाई होत्या. त्यांनी घड्याळ पाहिले, पाने मोजली, प्रत्येक पानावर शिक्का मारला, आणि पाने उलटता उलटता एका ठिकाणी थांबल्या. सोमवारी समितीपुढे हा आराखडा समजावून सांगण्यास कोण येईल, ते नाव लिहून द्यावे लागेल, असे त्यांनी सांगितले, आणि रीतीप्रमाणे पेन मिस्त्रीपुढे केले.

मिस्त्रीने पेन घेतले. त्याकडे पाहिले. मग ते पत्नीच्या हातात दिले.

"ही येईल," तो म्हणाला. "मी सोबत असेन, लाकडाचं काही विचारलं तर."

वहिनीने नाव लिहिले. धावपळीत अक्षर वाकडे आले, तरी ते पुन्हा लिहावयास तिने दुसरा कागद मागितला नाही.

"लाकडाचं विचारलं तरच," ती पायऱ्या उतरताना म्हणाली. "आणि विचारेपर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

मिस्त्रीने मान डोलविली. शास्त्रज्ञाने विचारले, की समितीच्या खोलीत संगणक असेल का, कारण असल्यास त्याची रॅम किती आहे हे आधी पाहून ठेवलेले बरे. 

येथवर ज्या वाचकांनी संयमाने साथ दिली, त्यांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे. माझे शिक्षण अल्प असून लिहिण्याची हौस मोठी आहे. उणे असेल ते पदरात घ्यावे, ही नम्र विनंती.

आपला कृपाभिलाषी,
दिगंबर सोनू तारकर